एम्प्लॉयी बेनिफिट्स कन्सल्टन्सी वाढणार कुठून? मोठ्या जागतिक कंपन्या आणि आपल्या एमआयडीसी

मुग्धा_ठाणे
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज एक प्रश्न घेऊन आलेय.

मी एका जागतिक एम्प्लॉयी बेनिफिट्स आणि एचआर कन्सल्टन्सीत ठाण्याला काम करते, ॲक्च्युरिअल टीममध्ये, सहा वर्षं झाली. कंपन्यांची ग्रॅच्युइटी आणि साठलेली रजा यांची देणी किती होतात त्याचं व्हॅल्युएशन आम्ही करतो, शेजारची टीम ग्रुप मेडिक्लेम बघते, त्यापलीकडची पगाराचे सर्वे करते. परवा सगळ्यांना बसवून पुढच्या तीन वर्षांची ग्रोथ स्ट्रॅटेजी सांगितली. छोटे विमा ब्रोकर विकत घ्यायचे, प्रत्येक क्लायंटच्या माणसांना ॲप द्यायचं, आणि ज्याला एक सेवा देतो त्याला बाकीच्या तीन विकायच्या. ऐकायला छान वाटलं पण घरी येताना लोकलमध्ये सारखं वाटत राहिलं की यातून वाढ कशी होणार? आमचे क्लायंट म्हणजे आयटी, बँका, मोठ्या फार्मा. त्या सगळ्यांकडे आधीच कोणी ना कोणी बसलेलं आहे. दर रिन्युअलला आम्ही दुसऱ्या कन्सल्टन्सीचे क्लायंट ओढतो, ते आमचे ओढतात, आणि फी तेवढी खाली येते.

आता दुसरी बाजू सांगते. मागच्या वर्षी कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीची एक्सेल शीट माझ्याकडे आली. ४१२ कामगार. जन्मतारखेचा कॉलम सॉर्ट केला तर १४७ जणांची तारीख १ जून! आमच्या टीममधल्या चेन्नईच्या सहकाऱ्याला वाटलं डेटा खराब आहे, परत पाठव. मी म्हटलं थांब, हे शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेले वाढदिवस आहेत, आमच्याकडे घरोघरी असतात. व्हॅल्युएशन कागदावरच्या तारखेनेच होतं, ते झालं. पण शीट बंद करता करता दिसलं की २०२९ च्या मे अखेरीला १९ जण एकाच दिवशी रिटायर होतायत, आणि त्यातले १२ मोल्डिंगवरचे, म्हणजे ओतकामाचे साचे बनवणारे. अठरा हजार वेजेस आणि २८ वर्षं नोकरी धरली तर १५ भागिले २६ च्या हिशोबाने (दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा) माणशी २ लाख ९० हजार, म्हणजे १९ जणांचे ५५ लाख, आणि ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यावी लागते. पैशांचं एक वेळ जमेल, पण १२ मोल्डर एका दिवसात कुठून आणणार? आमच्या रिपोर्टमध्ये यातलं काहीच नव्हतं, कारण फी फक्त दोन पानी सर्टिफिकेटची होती. मी फोन करून त्यांच्या एचआरला सांगितलं, तर ते साहेब दोन मिनिटं गप्पच झाले.

माझं मत असं की वाढ इथे आहे. शिरोली, सातपूर, वाळूज, बुटीबोरी, ३०० ते ८०० माणसांचे कारखाने. तुम्हाला काय वाटतं? विशेषतः जे कंपनीच्या बाजूने बसतात त्यांनी सांगा, आमच्यासारख्यांना तुम्ही का बोलावत नाही?

सुपर्णा_जो
१ जून! माझे बाबा, दोन काका आणि मोठी आत्या, चौघांचा वाढदिवस १ जूनलाच. एक केक, चार जण फुंकर मारणार. बाकी विषयातलं फार कळत नाही पण वाचतेय, लिहीत राहा.

केदार७७
मुग्धा, विषय मस्त काढलास. मी न्यू जर्सीत याच धंद्यात १८ वर्षं आहे, थोडा इतिहास लिहितो, कारण "विकत घ्या आणि वाढा" हे या धंद्याच्या रक्तातच आहे.

विल्यम मर्सरने १९४५ मध्ये व्हँकुव्हरला सुरू केलेली कंपनी १९५९ मध्ये मार्श अँड मॅकलेननकडे गेली. टॉवर्स पेरिन आणि वॉटसन वायट १ जानेवारी २०१० ला एक झाल्या, मग जानेवारी २०१६ मध्ये तेच टॉवर्स वॉटसन विलिससोबत गेलं. एऑन या आणखी एका मोठ्या कंपनीने २०१० मध्ये हेविट घेतली, ४.९ अब्ज डॉलर मोजून. आणि सात वर्षांनी, २०१७ मध्ये, त्यातला बेनिफिट्स ॲडमिनिस्ट्रेशनचा मोठा भाग ब्लॅकस्टोनला विकला, तीच आजची अलाइट. म्हणजे सल्ल्याचा धंदा आणि कॉल सेंटर-पेरोलचा धंदा एका छताखाली ठेवून पाहिला आणि शेवटी वेगळा केला. सल्ल्यात माणसं थोडी आणि फी जास्त, दुसरीकडे हजारो माणसं आणि पैशापैशावर घासाघीस, दोघांचं गणित एका ताळेबंदात जमवणं अवघड असतं.

सगळ्यात मोठा प्रकार म्हणजे मार्च २०२० मध्ये जाहीर झालेलं एऑन-विलिस लग्न, साधारण ३० अब्ज डॉलरचं. जून २०२१ मध्ये अमेरिकी न्याय विभाग कोर्टात गेला, जुलैत लग्न मोडलं आणि एऑनला १ अब्ज डॉलर मोजावे लागले. न्याय विभागाचं एक म्हणणं असं होतं की मोठ्या कंपन्यांना पेन्शन आणि आरोग्य लाभांचा सल्ला देणारे मोजकेच आहेत, त्यातले दोन एक झाले तर क्लायंटला पर्याय राहणार नाही. तेव्हा मोठ्यांनी मोठ्यांना गिळायचा रस्ता तिथेच अडला असं मी मानतो.

त्यानंतर बघ सगळे कुठे वळले. एऑनने एप्रिल २०२४ मध्ये एनएफपी घेतली, साधारण १३ अब्ज डॉलरला, आणि एनएफपीचं गिऱ्हाईक म्हणजे मध्यम आकाराच्या कंपन्या. मार्श मॅकलेननने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ७.७५ अब्जांना मॅकग्रिफ घेतली, तेही तसंच. तुला शिरोलीत जे दिसतंय ते यांना ओहायो आणि अलाबामात दिसलं.

घाटावरचा
केदारदादा, म्हणजे पुन्हा विकतच घेतलं ना? मुग्धाताई म्हणतायत विकत घेऊन वाढ होत नाही.

केदार७७
हो, पण काय विकत घेतलं ते बघायचं. विलिसने २०१९ मध्ये ट्रॅन्झॅक्ट घेतली, सुरुवातीचीच किंमत १.२ अब्ज डॉलर. फोनवरून म्हाताऱ्या माणसांना मेडिकेअरचे (इथली ज्येष्ठांची सरकारी आरोग्यविमा योजना) प्लॅन विकणारी कंपनी. २०२४ संपता संपता ती साधारण ६३ कोटी डॉलरला विकून मोकळे झाले. सल्ल्याच्या कंपनीला फोनवरची विक्री पेलली नाही. एनएफपीत निदान काम तरी तेच आहे, फक्त गिऱ्हाईक वेगळं.

लंडनस्थ
केदार, इतिहास बरोबर, पण एक मोठी गोष्ट राहिली. या धंद्याची खरी वाढ कायद्याने केलीय, खरेदीने नव्हे. इथे ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१२ पासून ऑटो-एनरोलमेंट आलं, आधी मोठ्या कंपन्या मग टप्प्याटप्प्याने अगदी कोपऱ्यावरचं न्हाव्याचं दुकानसुद्धा, प्रत्येकाला कामगारासाठी पेन्शन योजना करावी लागली. सल्लागारांना काम कमी पडेना. आता ज्यांच्या जुन्या फायनल सॅलरी योजना (शेवटच्या पगारावर पेन्शन ठरणाऱ्या) बंद झाल्यात ते ती देणी विमा कंपन्यांच्या गळ्यात घालतायत, आमची निम्मी टीम त्यातच आहे. गंमत म्हणजे योजना उघडताना फी, चालवताना फी आणि कायमची बंद करतानाही फी :)

भारतात आत्ता तेच झालंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाले. वेजेसची व्याख्या बदलली, भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचे वेजेसमध्ये धरायचे, आणि फिक्स्ड टर्म (ठरावीक मुदतीच्या) कामगाराला एका वर्षात ग्रॅच्युइटी. मुग्धा, तुमच्याकडे डिसेंबरात झोप नसेल कोणाला.

मुग्धा_ठाणे
अगदी! नाताळ ते संक्रांत फक्त तेच केलं. शीटवर काय होतं ते सांगते. समजा कामगाराला सगळं मिळून ३२ हजार, त्यात बेसिक-डीए १२ हजार आणि उरलेले २० हजार भत्ते. आधी २० वर्षांची ग्रॅच्युइटी १ लाख ३८ हजार यायची. आता भत्ते निम्म्याच्या वर म्हणून वेजेस १६ हजार धरले की तीच १ लाख ८४ हजार. एका माणसामागे ४६ हजार वाढले, असे ४०० जण असले की पावणेदोन कोटीच्या वर. मोठ्या आयटी कंपन्यांनी डिसेंबर तिमाहीत वेगळी तरतूद दाखवली ती याचीच. छोट्या कारखान्यांना मात्र हे मार्चअखेरीला सीए सांगणार. तोवर कोणीच सांगत नाही.

शिरोलीकर
मी एका कास्टिंग कंपनीत एचआर बघतो, ५६० माणसं. मुग्धा मॅडमनी विचारलंय म्हणून मोकळेपणाने लिहितो.

तुम्हाला बोलावत नाही कारण एकदा बोलावलं होतं. चार वर्षांपूर्वी एक मोठी कन्सल्टन्सी, नाव घेत नाही, मुंबईहून तीन जण आले, ९० स्लाइड दाखवल्या, बेनिफिट्स फिलॉसॉफी वगैरे. मालक ऐकून घेत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "आमच्या माणसाला रात्री सरकारी सीपीआर हॉस्पिटलला न्यायचं का खाजगीत न्यायचं, हे कोण सांगणार?" त्यावर हेल्पलाइन नंबर दिला. तरी आम्ही पॉलिसी त्यांच्यामार्फत घेतली, म्हटलं मोठं नाव आहे.

मग झालं ते ऐका. नवीन माणूस लागला की त्याचं नाव पॉलिसीत घालायचं, त्याचा प्रीमियम विमा कंपनीकडे ठेवलेल्या सीडी (कॅश डिपॉझिट) बॅलन्समधून कापला जातो. बॅलन्स संपला की ॲडिशन होत नाही. आमचा एक पोरगा, फेटलिंगला होता, लग्न होऊन चार महिने झालेले, बायकोचं नाव मी स्वतः मेल करून पाठवलेलं. तिला ॲडमिट केलं तेव्हा कळलं की सीडीत पैसे नव्हते म्हणून एंडोर्समेंट (नाव घातल्याची पॉलिसीतली नोंद) निघालीच नाही. सांगायचं कोणी? ब्रोकरने मेल पुढे पाठवलेली, विमा कंपनीने परत पाठवलेली, आम्हाला कोणीच फोन केला नाही. ८७ हजारांचं बिल. मालकांनी भरलं, पण पोरगा ऑफिसात माझ्यासमोर उभा होता आणि माझ्या हातात माझीच मेल होती तारखेसकट, ते मी विसरलो नाही. रिन्युअलला आम्ही परत गावातल्या एजंटकडे गेलो. त्याला स्लाइड करता येत नाहीत, पण तो दर पाच तारखेला येऊन सीडीचा आकडा माझ्या डायरीत लिहून जातो.

सुपर्णा_जो
वाचून कसंतरीच झालं. मालकांनी भरलं हे बरं केलं.

मुग्धा_ठाणे
शिरोलीकर सर, तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत म्हणून मनापासून आभार. हे मी आमच्या मेडिक्लेमच्या टीमला जसंच्या तसं दाखवणार आहे. सीडी बॅलन्स आमच्याकडे ॲपवर दिसतो असं सांगतात, पण तो कमी झाल्यावर कोणी फोन उचलायचा हे कोणाच्याच कामात लिहिलेलं नाही.

नानाकाका
मी एलआयसीच्या पेन्शन अँड ग्रुप स्कीम्स खात्यातून निवृत्त झालो. मुग्धा, तुला ज्या एमआयडीसी आज दिसतायत त्या आम्ही ऐंशीच्या दशकात राजदूतवर पालथ्या घातल्यात. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा. मालकाला समजवायचं की बाबा हे देणं आज ना उद्या येणारच, दरसाल थोडं ट्रस्टमध्ये टाक, करातही सवलत आहे. पहिल्या भेटीला चहा, दुसऱ्या भेटीला चहा, तिसऱ्या भेटीला तो मुनीमाला बोलवायचा. मुनीम आला की समजायचं जमलं. या लोकांचा विश्वास एकदा बसला की पुढची पिढी पण तुमच्याकडेच येते. पण तुमच्या मोठ्या कंपन्यांची माणसं दीड वर्षात बदलतात. तिसऱ्या चहापर्यंत कोणी टिकतच नाही.

घाटावरचा
"मुनीम आला की समजायचं जमलं" +१००

मुकुंद_र
एक वेगळा मुद्दा मांडतो, थोडा कडू लागेल. तुम्ही सल्लागार की विक्रेते हे आधी ठरवा. मेडिक्लेममध्ये ब्रोकरला पैसे विमा कंपनी देते, प्रीमियमच्या टक्क्यांत. १ एप्रिल २०२३ पासून आयआरडीएने प्रॉडक्टनुसार कमिशनच्या मर्यादाही काढल्या, आता विमा कंपनीच्या एकूण खर्चाच्या मर्यादेत काय ते बसवा. म्हणजे माझा प्रीमियम वाढला की माझ्या सल्लागाराचं उत्पन्न वाढतं. मग तो माझे क्लेम कमी करायला कशाला मदत करेल? आमचा क्लेम रेशो १३० झाला (शंभर रुपये प्रीमियममागे १३० रुपयांचे क्लेम) तेव्हा मला सांगण्यात आलं प्रीमियम वाढवा नाहीतर पेरेंट्सना को-पे लावा, म्हणजे बिलाचा काही भाग त्यांनीच भरायचा. १३० का झाला हे कोणी उघडून पाहिलं नाही. मी स्वतः क्लेम डंप (सगळ्या क्लेमची यादी) काढून बसलो तर तीन हॉस्पिटलांतून मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे दर दुप्पट लावलेले. नुसती मोतीबिंदूवर कॅपिंग (कमाल रकमेची मर्यादा) टाकून पुढच्या वर्षी १०५ वर आलो, पेरेंट्सना हात न लावता.

लंडनस्थ
मुकुंद, इथे पेन्शनच्या सल्ल्यात २०१२ अखेरपासून प्रॉडक्टवरचं कमिशन बंदच केलं, क्लायंटने फी द्यायची. सुरुवातीला खूप ओरड झाली. छोटे सल्लागार बाहेर गेले हे खरं. पण जे राहिले त्यांच्याशी बोलताना आता समोरच्याच्या मनात शंका नसते.

शिरोलीकर
लंडनस्थ, फी चं आमच्याकडे अवघड आहे. मालक कमिशन किती जातं ते विचारणार नाहीत, पण सल्ल्याची फी म्हणून पन्नास हजारांचं बिल आलं तर विचारतील हा कोण.

वेर्णेकर
देव बरें करूं सगळ्यांचं. मी गोव्याचा, वेर्णा आणि कुंडईच्या कंपन्यांचं ब्रोकिंग करतो, चार माणसांचं ऑफिस. जागतिक कंपन्या कशा वाढतात ते मी सोसलेलं आहे. माझ्याकडे एका युरोपियन फार्माचा प्लांट अकरा वर्षं होता. एक दिवस एचआर मॅडमचा फोन, आवाज पडलेला, म्हणाल्या मुख्य ऑफिसातून मेल आलीय, यापुढे सगळ्या देशांत एकच ब्रोकर, मँडेट लेटर (हाच आमचा ब्रोकर असं पत्र) त्यांना द्यायचं. का, तर पूलिंग. तीस-चाळीस देशांतल्या पॉलिसी एका जाळ्यातल्या विमा कंपन्यांकडे ठेवायच्या, एका देशात नुकसान झालं तर दुसऱ्या देशातल्या नफ्याने भरून निघतं, आणि वर्षाखेर काही उरलं तर डिव्हिडंड मुख्य ऑफिसला. मॅक्सिस, जेनेराली असली नेटवर्क आहेत. हिशोबाने चूक नाही. पण तो डिव्हिडंड वेर्ण्यात येत नाही, प्लांटमधल्या बायांना डिलिव्हरीची लिमिट मी भांडून ७५ हजार करून दिलेली ती नव्या पॉलिसीत ५० झाली.

आता त्याच कंपन्यांकडून मला विकत घ्यायचा निरोप आलाय. मुग्धाबाय, म्हणून तुझा धागा मी तीनदा वाचला.

केदार७७
वेर्णेकर, इथे छोट्या ब्रोकरना घेताना पैसे एकदम देत नाहीत, बरेचदा तीन वर्षं क्लायंट टिकले तर उरलेला हप्ता. विकायचंच झालं तर टिकण्याच्या अटीत तुमच्या चार माणसांच्या नोकऱ्या पण लिहून घ्या. क्लायंट त्यांच्यामुळे टिकतात.

सुपर्णा_जो
जरा अवांतर. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी गेला ना, मग ग्रुपवर अजून १८ टक्के कसा? आमच्या ऑफिसात पेरेंट्सचा प्रीमियम आमच्या पगारातून कापतात, त्यावर जीएसटी लागतोय.

मुकुंद_र
बरोबर कापतायत. २२ सप्टेंबरपासून सूट फक्त वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटरला, ग्रुपला नाही. पण त्यामुळे आई-बाबांना ग्रुपमधून काढायची घाई करू नका. ग्रुपमध्ये जुने आजार बहुतेक पहिल्या दिवसापासून कव्हर असतात, बाहेर नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आधी बाहेरची सुरू करा, वेटिंग संपू द्या, मग बघा.

सुपर्णा_जो
हे आमच्या एचआरने कधीच सांगितलं नाही. धन्यवाद दादा.

लंडनस्थ
बघा, मुग्धाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं. सुपर्णाच्या कंपनीकडे ब्रोकर असणारच, ॲपही असेल, तरी हे सांगणारं कोणी नव्हतं.

घाटावरचा
मग ॲप नकोच का?

मुग्धा_ठाणे
ॲप हवंच. ई-कार्ड, हॉस्पिटलची यादी, क्लेम कुठपर्यंत आला, यासाठी उत्तम आहे. पण शिरोलीकर सरांच्या माणसाला ॲप नको होतं, त्याला सरांना फोन करणारं कोणीतरी हवं होतं. आमच्या ग्रोथच्या कागदावर ॲपसाठी बजेट आहे, त्या माणसासाठी नाही.

सगळ्यांचं वाचून मी असं मांडायचं ठरवलंय. नवीन क्लायंट शोधत फिरण्याआधी आमच्याकडे ज्या दीडशे-दोनशे मध्यम कारखान्यांच्या ग्रॅच्युइटीच्या शीट दरवर्षी येतात त्या उघडून बघायच्या. कोणत्या वर्षी किती माणसं जाणार, कुठल्या खात्यातली, किती पैसे लागणार, नव्या वेजेसने किती वाढणार, एका पानावर. मराठीत. ते पान फुकट द्यायचं, कारण शीट त्यांचीच आहे. पुढचं काम हवं असेल तर फी, आणि मेडिक्लेममध्ये आम्हाला विमा कंपनीकडून किती मिळतं ते त्याच पानावर खाली लिहायचं. मुकुंद सरांचा मुद्दा मला पटलाय, शिरोलीकर सरांची अडचणही पटतेय, आकडा उघडा असला तर मालक स्वतःच ठरवतील. आणि कोल्हापूर, नाशिक, संभाजीनगरला तिथलाच माणूस बसवायचा, बदली न करता. नानाकाका, तिसऱ्या चहाचं मी प्रेझेंटेशनमध्ये घालणार आहे, परवानगी द्या.

नानाकाका
दिली. पण नुसतं प्रेझेंटेशनमध्ये नको, स्वतः जा.

केदार७७
एक धोका सांगून ठेवतो. वरचे लोक विचारतील एका कारखान्यामागे उत्पन्न किती? मोठ्या आयटी क्लायंटच्या तुलनेत विसावा भागही नसेल. तेव्हा त्यांना क्लायंट किती वर्षं टिकतात तो आकडा दाखव. तुमच्याकडे फाउंड्र्या किती वर्षं आहेत?

मुग्धा_ठाणे
आत्ताच पाहिलं. जी १ जूनवाली आहे ती व्हॅल्युएशनसाठी १४ वर्षं आमच्याकडे आहे. या काळात आमच्याकडून तिथे प्रत्यक्ष कोणीही गेलेलं नाही. मी पुढच्या गुरुवारी महालक्ष्मी एक्सप्रेसने जातेय, साहेबांनी हो म्हटलंय.

शिरोलीकर
मॅडम, शुक्रवारी शिरोलीत असाल तर आमच्याकडेही या. शीट मी काढून ठेवतो. कालच सॉर्ट करून बघितली, आमच्याकडे १ जूनवाले २०३ निघाले.

सुपर्णा_जो
२०३!! केक मोठा लागेल.

शिरोलीकर
त्यातले ३१ जण २०२८ लाच जातायत. मालकांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही आलात की एकत्रच सांगू.